उन्हाळ्यात उरकून घेऊ

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की झरी येतं. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि जिल्ह्याचं ठिकाण एसटीच्या टप्प्यात. दवाखानाच नव्हता म्हणून दुखणं अंगावर काढलं, असं इथल्या बाईला म्हणता येत नाही. तरीही ‘अंग बाहेर येतंय’ हे नवऱ्याच्या कानावर जायला वर्षं लागतात, डॉक्टरच्या कानावर जायला आणखी काही. एकदा ते बोलून झालं की घरात निकाल मात्र एका संध्याकाळी लागतो.

पुढचा वाद त्या निकालावरचा आहे. मावशी साठी ओलांडलेली, शेतकऱ्याच्या घरातली कर्ती बाई. भाची परभणीत फिजिओथेरपीचं काम करते. विषय मावशीच्या सुनेचा : वय चौतीस, तीन बाळंतपणं, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. तिघींची नावं दिलेली नाहीत, कारण त्या कुण्या एका घरातल्या नाहीत.

मावशी : हे बघ, तू शिकलेली हाईस, तुझं ऐकते मी. पण हे ठरलंय. वेचणी होऊ दे, तुरी निघू देत, मग उन्हाळ्यात उरकून घेऊ. पेरणीच्या आत उभी राहील पोरगी.

भाची : काय उरकून घेऊ?

मावशी : पिशवी. दुसरं काय? लेकरं झाली, आपरेशन झालं. आता काय काम हाय तिचं? नुसती खाली यायली, कंबर धरायली.

भाची : कुणी तपासलं का वहिनीला?

मावशी : तपासायचं काय त्यात? तिच्याच हाताला लागायलंय.

भाची : कधी लागतं? सकाळी उठल्याबरोबर, का काम करून आल्यावर?

मावशी : सांजच्याला. रात्री पडली की आत जातंय म्हणती.

भाची : मग अजून वेळ आहे, मावशी. आणि पहिली गोष्ट म्हणजे हाताला लागतंय ती पिशवीच आहे, हे तुला कुणी सांगितलं? योनीच्या पुढच्या अंगाला लघवीची पिशवी असते. आधार ढिला झाला की ती पुढच्या बाजूनं फुगून खाली येते. मागच्या अंगाला शौचाची जागा, ती मागून येते. कधी गर्भपिशवी येते, कधी दोन-तीन गोष्टी मिळून. हाताला सगळा गोळाच लागतो. खाली आलंय मूत्राशय आणि काढली गर्भपिशवी, तर बाईला काय मिळालं?

मावशी : आता हे नवीनच काढलंस.

भाची : नवीन काही नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक पट्टी आहे, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत पसरलेली. वरचे अवयव तिच्यावर टेकलेले असतात आणि दोन्ही बाजूंनी पडद्यांनी, बंधांनी ताणून धरलेले असतात. बाळंतपणात डोकं बाहेर येताना ही पट्टी प्रचंड ताणली जाते, कधी हाडापासून सुटते. पुढं पाळी गेली की उती पातळ होतात. त्यात जुना खोकला, बद्धकोष्ठ, रोजचं ओझं. तू माळवदाच्या घरात वाढलीस. तुळई वाकली म्हणून खालची पेटी घराबाहेर नेऊन ठेवली, तर माळवद सरळ होतं का?

मावशी : नाही होत. पण पेटीवर माती पडायची थांबती ना! माझ्या नणंदेची काढली, दहा वर्षं झाली. ठणठणीत हाय.

भाची : असेल. कित्येक जणी असतात. पण पिशवी काढताना वरचा आधार नीट शिवला नाही, तर पिशवी नसलेली योनीच वरून उलटी होऊन खाली येते. अशा बाया माझ्याकडं येतात, त्यांना दुसरी शस्त्रक्रिया लागते आणि ती पहिलीपेक्षा अवघड असते. वहिनी चौतीसची आहे. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर पाळी जाण्याचं सगळं दुखणं उद्यापासून सुरू : अंगाची आग, हाडं ठिसूळ, पुढं काळजाचा धोका. अंडाशयं ठेवली तरी कधी कधी पाळी जाण्याचं वय अलीकडं येतं.

इथं थोडं शेजारच्या जिल्ह्यात जावं लागतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, विधिमंडळात प्रश्न झाले, सरकारनं समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. पुढं खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवण्याचं बंधन आलं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना बजावलं. बीडची गोष्ट मावशीला ठाऊक आहे.

मावशी : ते बीडचं वेगळं. तिथं मुकादमाची उचल असती, पाळीत खाडा पडला की दंड. आमच्या घरी कोण दंड लावायलंय?

भाची : कुणी नाही. पण तू आत्ता काय म्हणालीस? वेचणी होऊ दे, तुरी निघू देत, पेरणीच्या आत उभी राहील. मुकादम नसताना तूसुद्धा हंगामच मोजलास.

मावशी : मग काय मोजू? घरात चार हात हायेत, त्यातले दोन तिचे. तू व्यायाम सांगणार, मला माहीत हाय. पहाटं पाचला उठती ती. पाणी, झाडलोट, भाकरी, मग रान. दिवसभर कंबरेला ओटी बांधून वाकलेली. वेचलेल्या कापसाचं गठुडं डोक्यावर घेऊन बांधापर्यंत. आणि तिला तू व्यायाम शिकवणार?

भाची : तो व्यायाम नाही, ते ओझं आहे. दोन्हींचा या स्नायूंवर उलटा परिणाम होतो. गठुडं उचलताना आपण श्वास धरतो आणि सगळा दाब खाली जातो. मी सांगते त्यात स्नायू वर ओढायचे असतात. वात अडवताना जे आवळतं, तेच आवळायचं, आत आणि वर. श्वास धरायचा नाही, मांड्या आणि कुल्ले सैल. पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. आधी पडून, मग बसून, मग उभं राहून. आणि उचलण्याआधी, खोकण्याआधी, शिंकण्याआधी ते आवळून घ्यायचं. रोज लघवी मधेच अडवून सराव करायचा नाही, त्यानं लघवीचं नवीन दुखणं लागतं.

मावशी : एवढं सोपं असतं तर दवाखाने कशाला बांधले असते?

भाची : सोपं नाहीच. कित्येक जणी आवळते म्हणतात आणि प्रत्यक्षात कुंथतात, खाली ढकलतात. तसं महिनाभर केलं तर उलट होईल. म्हणून पहिल्यांदा कुणीतरी हात लावून तपासून शिकवायला लागतं. कागदावर चित्र देऊन पाठवलं, की बाई आठ दिवस करते आणि सोडते.

अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला आणि त्याचं नाव त्याला चिकटलं. पण अंग बाहेर येण्यावर त्याचा उपयोग होतो का, याचा भक्कम पुरावा यायला बराच काळ गेला. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापून आली : ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ४४७ महिला. निम्म्यांना प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टनं सोळा आठवड्यांत पाच वेळा भेटून एकेकीला शिकवलं, उरलेल्यांना नुसती माहितीपत्रिका. वर्षअखेरीस शिकवलेल्या गटाचा त्रास जास्त कमी झालेला होता. अवयव जादूनं जागेवर गेले, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. जडपणा, ओढ, काहीतरी लोंबतंय ही भावना कमी झाली. बाईच्या दिवसात फरक पडतो तो यानंच. भाचीनं हे सांगितलं आणि मावशीनं नेमकं बोट ठेवलं.

मावशी : त्या बाया कापूस वेचत होत्या का?

भाची : नाही.

मावशी : डोक्यावर सरपण, चाऱ्याचा भारा?

भाची : नाही गं.

मावशी : मग त्यांचं त्यांच्यापाशी. दिवसातून तीनदा आवळायचं आणि दिवसभर गठुडी उचलायची, ह्याचा हिशेब कसा लागतो ते सांग मला.

मला हा प्रश्न या वादातला सगळ्यात खरा वाटतो, आणि भाचीच्या पेशातली माणसं तो फारसा स्वतःला विचारत नाहीत. चिठ्ठीवर ‘जड उचलू नये’ असं लिहून मोकळं होता येतं. ती चिठ्ठी बाईच्या हातात पडते. उचलायला लावणाऱ्याच्या हातात ती कधीच जात नाही. महिना झाला, फरक नाही, तर दोष बाईचा : व्यायाम केला नाहीस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या आकड्यांत, परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या जवळपास निम्म्या, ४८ टक्के, मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, आणि सव्वा महिना संपता संपता पुन्हा रान. शरीराचा तळ जिथं खचतो ती ही जागा. तिथं दिवसातून तीनदा आवळ म्हणून सांगणं खोटं नाही, पण अर्धवट आहे.

भाची : हिशेब लागत नाही, कबूल. म्हणून मी वहिनीला एकटीला सांगणार नाही. तुला आणि दादाला सांगणार. तीन-चार महिने गठुडं तिच्या डोक्यावर द्यायचं नाही. वेचणी करू दे, वजन दादानं उचलायचं. खोकला असेल तर त्याचं औषध, चुलीचा धूर कमी. पोट साफ होईल असं खाणं, भाकरीबरोबर भाजी आणि पाणी. शौचाला कुंथणं बंद.

मावशी : दादा उचलतो आणि गावभर हसं होतंय, ते वेगळं.

भाची : होऊ दे. आपरेशन केलंस तरी सहा आठवडे तिला काहीच उचलता येणार नाही, आणि जड तर तीन महिने. तेव्हा कोण उचलणार होतं?

मावशी : तेव्हा... सगळे म्हणतेत आपरेशन झालंय, तर उचलतेत.

भाची : म्हणजे पोटावर टाके पडले की घर उचलतं, त्याच्याशिवाय नाही.

मावशीकडं याला उत्तर नव्हतं. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही, तिनं दुसरं टोक पकडलं.

मावशी : आणि व्यायामानं झालं नाही तर? जाऊबाईचं सगळंच बाहेर आलेलं असतंय, बारा महिने. लुगड्याला घासून जखम झाली. तिलाबी आवळ म्हणशील?

भाची : नाही. पूर्ण बाहेर आलेल्या अंगाला व्यायाम जागेवर नेत नाही. त्यांना डॉक्टरकडंच न्यायला हवं, आणि लवकर. जखम, रक्त, पू, लघवी अडणं, बाहेर आलेलं आत न जाणं, यात वाट बघायची नाही. जखम आधी भरून घेतात, पाळी गेलेली असेल तर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम देतात. मग रिंग, नाहीतर शस्त्रक्रिया.

मावशी : रिंग म्हणजे?

भाची : सिलिकॉनची गोल कडी. मापाप्रमाणं डॉक्टर आत बसवतात, ती अवयवांना वर धरून ठेवते. नीट बसली तर बाईला कळतसुद्धा नाही. स्वतः काढून धुवून परत घालता येते, नाहीतर तीन ते सहा महिन्यांनी दवाखान्यात जाऊन.

मावशी : छी! परकी वस्तू अंगात घेऊन फिरायचं? आणि विसरलं तर?

भाची : विसरायचं नाही, हीच तिची अट. विसरलेली रिंग आत रुतते, जखम करते. पाणी जाणं, वास येणं हेही होतं काही जणींना.

मावशी : मग आपरेशन बरं.

भाची : काहींना बरंच. नेदरलँडमध्ये चारशे चाळीस बायांना रिंग किंवा शस्त्रक्रिया देऊन दोन वर्षं बघितलं. रिंगवाल्यांतल्या सुमारे पाऊण भाग बायांना बरं वाटलं, शस्त्रक्रियेच्या गटात पाचांतल्या चौघींना. शस्त्रक्रिया थोडी पुढं. पण रिंगेच्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणींनी पुढं शस्त्रक्रिया करून घेतली, हेही खरं. मी तुझ्यापासून लपवत नाही.

रिंगेबद्दलची मावशीची किळस हलक्यात घेण्यासारखी नाही, पण ती जात नाही असंही नाही. नेपाळच्या डोंगरी भागात हे दुखणं इतकं पसरलेलं होतं की २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला बाईच्या प्रजनन हक्काचा प्रश्न म्हणून मान्यता दिली. तिथं शिबिरांतून रिंगा बसवल्या गेल्या, मोफत शस्त्रक्रियाही झाल्या. ओझं, लवकरची बाळंतपणं आणि बाळंतपणानंतर न मिळालेली विश्रांती ही कारणं तिथलीही तीच.

आपल्याकडं या दुखण्यावरच्या शस्त्रक्रियेचा वारसा मात्र चांगलाच मोठा आहे, आणि तो बाईची पिशवी वाचवणारा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि जे. जे. रुग्णालयात काम करत. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालून गर्भ टिकवण्याची त्यांची पद्धत जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते. त्याच शिरोडकरांनी तरुण बायांसाठी अशी शस्त्रक्रिया बसवली, की पिशवी न काढता पट्टीनं ती कण्याच्या तळाच्या हाडाला टांगायची. मुंबईच्याच पुरंदरे यांची पद्धत वेगळी : पोटाच्या स्नायूंवरच्या पडद्याच्या पट्ट्या काढून त्यांनी गर्भाशयाचं तोंड पुढून वर धरायचं. ज्या काळात बाईला पुढं मूल हवं असणं हेच पिशवी वाचवण्याचं कारण मानलं जाई, त्या काळातलं हे काम. आज तिला नुसतं आपलं अंग शाबूत हवं असलं तरी ते कारण पुरावं. उलट योनीमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळीचा जो बोलबाला झाला, त्यातून इतक्या तक्रारी आल्या, की एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या दुखण्यासाठीची तिची विक्रीच थांबवली. नवं ते चांगलं, हा हिशेब इथं चुकला.

भाची : आणि पिशवी काढायचीच ठरली, तर ती खालून काढता येते, पोट न चिरता, आणि त्याच वेळी सैल आधार शिवून घेता येतात. तेवढं तरी विचारून घे. नुसती पिशवी काढून देतो म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नको.

मावशी : सगळं मलाच विचारायला सांगायलीस. तिला विचारलं का कुणी?

सून एवढा वेळ दारात तूर निवडत बसली होती. ‘तिला’ म्हणताना मावशीनं तिच्याकडं बघितलं नाही, पण सुनेनं सूप खाली ठेवलं.

सून : मला आतबाहेरचा एवढा तरास न्हाई, आत्याबाई. तो मी सोसते. गठुडं उचललं की लघवी जाती. शिंकलं की जाती. हसलं तरी जाती. म्हणून रानात मी दिवसभर पाणीच पीत न्हाई. बस्त्याला तालुक्याला गेलो होतो ना, तवा मी गाडीत उभी राहिले, सीट मिळाली तरी. लुगडं ओलं होतं.

मावशी : अन् मला सांगितलं न्हाईस?

सून : तुम्ही पिशवीचं बोलत होतात.

भाची : किती दिवस झाले?

सून : धाकट्याच्या येळंपासून. पाच वर्षं.

भाचीनं तिथंच सगळं बदललं. ओझं उचलताना, शिंकताना जाणारी लघवी थांबवणं हा या व्यायामाचा सगळ्यात हमखास उपयोग. गर्भपिशवी काढून ती थांबण्याचं काही कारण नाही, उलट शस्त्रक्रियेनं खाली आलेला गोळा वर गेल्यावर दडलेली गळती काही जणींना नव्यानं जाणवते. पाणी न पिणं तर त्याहून वाईट, त्यानं लघवीला जळजळ आणि शौचाला कुंथणं. मावशीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत जे केलं त्याची आठवण व्हावी असं काहीतरी पुटपुटली : कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या पाहणीत साडेसहाशे बाया तपासल्या गेल्या होत्या, त्यांतल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचं काही ना काही दुखणं होतं, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. मावशीला बंग हे नाव माहीत नाही. आपल्या घरात पाच वर्षं हे चाललं होतं, हे तिला त्या दुपारी कळलं.

मावशी : बरं. सोमवारी केंद्रावर नेते तिला. बाईच तपासील ना?

भाची : विचारून जा. नसेल तर परभणीला आण, मी बरोबर येते. आधी कुठला टप्पा आहे, काय खाली आलंय ते कळू दे. लघवीची तपासणी करून घेऊ. मग संक्रांतीपर्यंत व्यायाम आणि गठुडं बंद.

मावशी : संक्रांतीला फरक न्हाई पडला तर मी ऐकणार न्हाई.

भाची : नको ऐकू. तेव्हा रिंग का शस्त्रक्रिया ते डॉक्टर आणि वहिनी ठरवतील. मी आड येणार नाही.

मावशी : आणि गठुड्याचं तू बोल तुझ्या दादाशी. मी सांगितलं तर म्हणंल, तू उचलत होतीस की.

सून : ते मी सांगते. फकस्त तुम्ही मागनं नको म्हणू नका.